रंधायंत्राचें झिजलेलें बेअरिंग

घरांत नवें कपाट किंवा जेवणाचें टेबल आलें म्हणजे पाहणारा मनुष्य पहिल्यानें त्याच्यावरून हात फिरवितो. लाकडाची जात सर्वांनाच ओळखतां येते असें नाहीं. पण फळी गुळगुळीत आहे कीं नाहीं हें तळहाताला तत्काळ कळतें. पुष्कळदां असेंही घडतें कीं, फळी समोरून निर्दोष दिसते, पॉलिश चकचकीत असतें, आणि तरीही खिडकीचा प्रकाश तिरपा पडला कीं तिच्यावर ओळीनें बारीक लाटा उमटलेल्या दिसतात. ओहोटीनंतर किनाऱ्यावरील वाळूंत ज्या वळ्या राहतात, तशाच या लाटा. सुतारानें हयगय केली, पातीं बोथट होतीं, लाकूड ओलें होतें, अशीं कारणें सांगितलीं जातात. आणि कधीं कधीं तीं खरींही असतात. परंतु अनेक वेळां खरा अपराधी यंत्राच्या पोटांत लपलेला असतो, आणि तो मनुष्याच्या मुठीहून मोठा नसतो. हा अपराधी म्हणजे रंधायंत्राचें झिजलेलें बेअरिंग होय.

हातरंध्यांत फळी स्थिर असते आणि पातें पुढें सरकतें. यंत्रांत याच्या उलट व्यवस्था आहे. तेथें पातीं एकाच जागीं गरगर फिरतात आणि फळी त्यांच्याखालून पुढें जाते. फळीची जाडी सर्वत्र सारखी करणाऱ्या रंधायंत्रांत एक आडवा पोलादी दंडगोल असतो. त्याच्या अंगांत दोन, तीन किंवा चार लांब पातीं घट्ट बसविलेलीं असतात. दंडगोलाच्या पुढें व मागें एकेक रूळ असतो. हे रूळ फळीला धरून सावकाश ओढीत नेतात. मोटारीवरून आलेला पट्टा दंडगोलाला फिरवितो. दंडगोलाचीं दोन्ही टोकें ज्या आधारांत फिरतात, ते आधार म्हणजेच बेअरिंग.

एक साधा हिशेब केला तर या आधारांचें महत्त्व ध्यानांत येईल. दंडगोल मिनिटाला ५,००० फेरे घेत आहे आणि त्यांत तीन पातीं आहेत असें धरावें. म्हणजे फळीवर मिनिटाला १५,००० काप बसतात. त्याच मिनिटांत फळी ७ मीटर पुढें सरकत असेल, तर दोन कापांमधील अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही किंचित् कमी येतें. यंत्रानें रंधलेली फळी खऱ्या अर्थानें सपाट कधींच नसते. ती अशा हजारों उथळ खोलग्यांची बनलेली असते, आणि त्या इतक्या जवळजवळ असतात कीं डोळ्यांना व हाताला त्या जाणवत नाहींत. आतां दंडगोलाचें बेअरिंग झिजून त्याचा आंस मिलिमीटरच्या कांहीं शतांशांनीं हालूं लागला, तर तीन पात्यांपैकीं एकच सर्वांत खोल जातें आणि उरलेल्या दोघांच्या खुणा पुसून टाकतें. मग खोलग्यांमधील अंतर तिपटीनें वाढून दीड मिलिमीटरच्या आसपास जातें, आणि तें डोळ्यांना दिसूं लागतें. फळीवरील लाटांचा उगम हा असा आहे.

बेअरिंगची कल्पना मूळांत सोपी आहे. बैलगाडीचें चाक आंसाभोंवतीं फिरतें तेव्हां लोखंडावर लोखंड घासतें. म्हणून गाडीवान त्यांत वरचेवर वंगण घालतो. घासण्याऐवजीं लोळण्याची योजना केली तर प्रतिकार पुष्कळ कमी होतो. जड ओंडका ओढून न नेतां त्याखालीं गोल लांकडें घालून ढकलण्याची युक्ति फार जुनी आहे. तीच युक्ति बेअरिंगमध्यें वर्तुळांत बसविलेली असते. त्याचें एक आंतलें कडें दंडावर घट्ट बसतें, दुसरें बाहेरचें कडें यंत्राच्या अंगांतील घरांत बसतें, आणि दोहोंच्या मधल्या खोबणींत पोलादी गोळ्या किंवा लहान रूळ लोळत राहतात. ते एकमेकांना घासूं नयेत म्हणून त्यांना एका पिंजऱ्यांत अलग अलग ठेवलेलें असतें. गोळी कड्याला एका बिंदूंत टेकते, रूळ एका रेषेंत टेकतो. म्हणून गोळ्यांचें बेअरिंग वेगाला सोयीचें, तर रुळांचें बेअरिंग भाराला अधिक समर्थ. लहान रंधायंत्रांत दंडगोलाला बहुधा गोळ्यांचीं बेअरिंगें असतात. मोठ्या व जड यंत्रांत सरळ किंवा निमुळत्या रुळांचीं आढळतात. फळी ओढणाऱ्या रुळांचे आधार मात्र वेगळे. ते रूळ सावकाश फिरतात, आणि पुष्कळ यंत्रांत त्यांना गनमेटलच्या साध्या बुशी पुरतात. दोष कोणत्या आधाराचा आहे हें ठरविल्याशिवाय पाना हातांत घेणें व्यर्थ होय.

रंधायंत्र जितकें जुनें आहे तितकें त्याचें हें बेअरिंग जुनें नाहीं. इंग्लंडांत सॅम्युएल बेंथम यांनीं १७९१ सालीं लाकूड रंधण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. अमेरिकेंत विल्यम वुडवर्थ यांनीं १८२८ सालीं फिरत्या पात्यांच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. त्या काळीं दंडगोल साध्या धातूच्या आधारांतच फिरत असे. १८३९ सालीं आयझॅक बॅबिट यांनीं कथलाचा एक मऊ मिश्रधातु पुढें आणला, आणि पुढें पुष्कळ काळ मोठमोठ्या यंत्रांचे दंड त्याच मिश्रधातूच्या ओतीव आधारांवर फिरत राहिले. गोळ्यांच्या बेअरिंगचें पेटंट वेल्समधील फिलिप व्हॉन यांनीं गाडीच्या आंसासाठीं १७९४ मध्येंच घेतलें होतें. पण एकाच मापाच्या, अगदीं गोल, कठीण गोळ्या पुष्कळ संख्येनें तयार करण्याची विद्या साध्य झाली नव्हती. जर्मनींतील श्वाइनफुर्ट गांवीं फ्रीडरिक फिशर यांनीं १८८३ सालीं पोलादी गोळ्या घासून काढण्याचें यंत्र बनविलें, तेव्हां ती अडचण दूर झाली. १८९८ मध्यें अमेरिकेंत हेन्री टिमकेन यांनीं निमुळत्या रुळांचें, आणि १९०७ मध्यें स्वीडनमध्यें स्वेन विंगक्विस्ट यांनीं स्वतःची रेषा स्वतः जुळवून घेणाऱ्या गोळ्यांचें बेअरिंग सिद्ध केलें. आज हीं बेअरिंगें भारतांतही तयार होतात; पुण्याजवळील चिंचवड हें त्यांच्या निर्मितीचें एक प्रसिद्ध ठिकाण आहे.

अशा बेअरिंगचें आयुष्य किती, हा प्रश्न साहजिक आहे. मिनिटाला ५,००० या वेगानें दहा लक्ष फेरे केवळ ३ तास २० मिनिटांत पुरे होतात. यावरून त्या इवल्याशा गोळ्यांवर केवढें काम पडतें याची कल्पना येईल. आर्विड पाल्मग्रेन व गुस्ताफ लुंडबर्ग या दोघां स्वीडिश संशोधकांनीं १९४७ सालीं आयुष्याच्या गणिताची पद्धतशीर मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यांतील एक नियम गृहस्थालाही उपयोगी पडण्यासारखा आहे : गोळ्यांच्या बेअरिंगवरील भार दुप्पट झाला कीं त्याचें आयुष्य निम्म्यावर येत नाहीं, एकअष्टमांशावर येतें. पट्टा सुटूं नये म्हणून जो कारागीर तो वाजवीपेक्षां ताणून बसवितो, तो बेअरिंगच्या आयुष्याचीं वर्षें महिन्यांत संपवितो. या गणितांतील आयुष्य हें सरासरीही नव्हे. शंभरांतील नव्वद बेअरिंगें जेवढें टिकतील तेवढें तें असतें. पण व्यवहारांत पुष्कळ बेअरिंगें आपलें आयुष्य पुरें करीतच नाहींत. लाकडाचा भुसा आंत जातो, ग्रीस वाळतें, पट्टा अति ताणला जातो, किंवा बसवितांनाच त्यांना इजा होते.

आणि येथें केवळ फळीच्या सौंदर्याचा प्रश्न नाहीं. झिजलेलें बेअरिंग तसेंच चालूं दिलें तर एके दिवशीं त्याचा पिंजरा मोडतो, गोळ्या एका बाजूस गोळा होतात आणि दंडगोल आपल्या जागेवरून ढळतो. त्याचा व्यास ७५ मिलिमीटर असेल, तर त्याच्यावरील पात्यांची धार ताशीं सुमारें ७० किलोमीटर वेगानें धांवत असते. अशा वेगांत तें पातें जवळच्या दाबपट्टीवर आदळलें, तर पोलादाचा तुकडा कोणाच्या अंगावर जाईल तें सांगवत नाहीं. शिवाय तापून लाल झालेलें बेअरिंग आणि त्याभोंवतीं सांचलेला कोरडा भुसा यांचा संयोग आगीला आमंत्रणच देतो. ज्याच्या हाताचीं बोटें रोज या यंत्राजवळ असतात, त्याच्या दृष्टीनें बेअरिंग वेळेवर बदलणें हा काटकसरीचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न आहे.

बेअरिंग बिघडल्याचें पहिलें सूचन कानाला मिळतें. चांगल्या यंत्राचा आवाज मोठा असला तरी एकसुरी असतो. बिघडलेल्यांत खरखर, किंवा अधूनमधून शीळ ऐकूं येते. तथापि फळीवरील लाटा पातीं विषम बसल्यानेंही उमटतात, आणि खरखर मोटारीच्या बेअरिंगचीही असूं शकते. म्हणून क्रमानें शोध करावा. प्रथम वीज पूर्णपणें तोडावी. केवळ बटण दाबून समाधान मानूं नये. मुख्य खटका बंद करून फ्यूज काढून घ्यावा, म्हणजे दुसरा कोणी नकळत यंत्र चालू करणार नाहीं. मग पट्टा उतरवावा, आणि सर्वांआधीं पातीं काढून ठेवावीं. कारण पुढील सर्व कामांत हात दंडगोलाभोंवतींच फिरावयाचे असतात. त्यानंतर दंडगोल हातानें सावकाश फिरवावा. चांगलें बेअरिंग तेलकट मऊपणानें फिरतें. बिघडलेल्यांत वाळूचे कण चावल्यासारखें वाटतें, किंवा ठराविक जागीं अडखळ जाणवते. दंडगोलाचें टोक वर उचलून पाहावें. हाताला स्पष्ट हालचाल लागली तर शंका उरत नाहीं. अधिक खात्री हवी असल्यास डायल गेज लावून मिलिमीटरच्या शतांशांत ती हालचाल मोजतां येते. पट्टा उतरलेलाच असल्यामुळें मोटारही वेगळी फिरवून पाहतां येते, आणि दोष कोणाचा याचा निवाडा तेथल्या तेथें होतो.

दोष ठरल्यावर उतरविण्याचें काम. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याच्यावर खूण करावी. हल्लीं प्रत्येकाजवळ छायाचित्र घेण्याचें साधन असतें, त्याचा येथें उत्तम उपयोग होतो. उजवीकडचें झांकण डावीकडे गेलें किंवा एक पातळ वॉशर उलटा बसला तरी पुढें तासन् तास शोध करीत बसावें लागतें. पुलीखालची लहानशी चावी जपून ठेवावी. बेअरिंगला जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी, जिला कारागीर सर्क्लिप म्हणतात, ती काढतांना डोळ्यांना चष्मा असावा; निसटली तर ती गोळीसारखी उडते. दंडावरून बेअरिंग ओढतांना पुलरचे पाय आंतल्या कड्याच्या मागें अडकवावे. हातोडी आणि छिन्नी यांनीं तें उडवून काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. जुनें बेअरिंग टाकूनच द्यावयाचें असतें हें खरें. पण दंड टाकून द्यावयाचा नसतो, आणि छिन्नीचा घाव बहुधा त्याच्यावरच बसतो.

दोन्ही टोकांचीं बेअरिंगें सारख्या रीतीनें पकडलेलीं नसतात, ही गोष्ट काढतांनाच पाहून ठेवावी. एक टोक जागेवर घट्ट धरलेलें असतें. दुसऱ्याला लांबीच्या दिशेनें थोडें सरकण्याची मुभा असते. पोलाद तापलें कीं लांबतें. अर्ध्या मीटरचा दंड ३० अंशांनीं तापला तर त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारें अठरा शतांशांनीं वाढते. त्या वाढीला वाट ठेवली नाहीं, तर दोन्ही बेअरिंगें बाजूनें चेपलीं जाऊन थोड्याच दिवसांत निकामी होतात.

नवें बेअरिंग विकत घेतांना जुन्याच्या कड्यावरील अंक उतरून घ्यावे. ते अंक म्हणजे त्याचें नांव व पत्ता होय. उदाहरणार्थ ६२०५ या क्रमांकांत पहिला ६ हा अंक एकेरी रांगेच्या खोल खोबणीच्या गोळ्यांचा, २ हा मापांच्या मालेचा आणि शेवटचे ०५ हे आंतल्या भोंकाचे. ०४ पासून पुढें या शेवटच्या अंकांना पांचांनीं गुणलें कीं भोंकाचा व्यास मिळतो. म्हणून ६२०५ चें भोंक २५ मिलिमीटरचें, बाहेरचा व्यास ५२ व रुंदी १५ मिलिमीटर. अंकांपुढील अक्षरांकडेही दुर्लक्ष करूं नये. कांहीं अक्षरें बाजूला रबराचें झांकण आहे असें सांगतात, कांहीं पत्र्याचें. सी-३ ही खूण आंतील मोकळीक नेहमींपेक्षां अधिक आहे असें दर्शविते. भुशांत काम करणाऱ्या यंत्राला रबरी झांकणाचें बेअरिंग बहुधा हितकर. मात्र यंत्राच्या पुस्तकांत वेगळें सांगितलें असेल तर तेंच प्रमाण मानावें. बाजारांत नामांकित छापाचीं बनावट बेअरिंगें मिळतात. किंमत संशयास्पद रीतीनें कमी असेल तेथें सावध राहावें. दोहोंपैकीं एकच बिघडलें असलें तरी दोन्ही बदलावीं. दुसऱ्यानेंही तितकेच फेरे घेतलेले असतात.

बसविण्याचा भाग सर्वांत नाजूक. नव्या बेअरिंगचें वेष्टन आधींच फोडून तें बाकावर उघडें ठेवूं नये. दंड स्वच्छ पुसून, ओरखड्यांचे उंचवटे तेलाच्या दगडानें हलकेच काढून, सर्व तयारी झाल्यावरच तें उघडावें. आंतलें कडें दंडावर घट्ट बसावें लागतें. तें सैल असेल तर दंड कड्यांत घसरूं लागतो आणि स्वतःच झिजतो. अशा झिजलेल्या दंडावर पंचानें टोचे मारून बेअरिंग अडकविण्याचा तोडगा सर्रास केला जातो. तो चार दिवसांचा आहे. दंडावर धातु चढवून तो पुन्हां मापांत घासून घेणें हाच खरा उपाय.

घट्ट कडें दंडावर चढवावयाचें तर जोर लावावा लागतो, आणि तो जोर कोठें लावावा यांत साऱ्या कामाचें मर्म आहे. जें कडें घट्ट बसावयाचें, त्याच कड्यावर जोर पडला पाहिजे. दंडावर चढवितांना तो आंतल्या कड्यावर द्यावा. बाहेरच्या कड्यावर ठोकलें तर तो घाव गोळ्यांतून आंतल्या कड्यापर्यंत जातो, आणि प्रत्येक गोळी आपल्या खोबणींत एक सूक्ष्म खळगा पाडते. तो डोळ्यांना दिसतही नाहीं. पण यंत्र चालू झालें कीं दर फेऱ्याला प्रत्येक गोळी त्या खळग्यांत आपटते. अशा रीतीनें नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं जुनें होतें, आणि दोष मात्र दुकानदारावर येतो. म्हणून आंतल्या कड्याच्याच मापाची नळी घेऊन, तिच्या तोंडावर प्रेसनें किंवा हलक्या सारख्या ठोक्यांनीं दाब द्यावा.

याहून सौम्य उपाय म्हणजे उष्णता. २५ मिलिमीटर भोंकाचें बेअरिंग ७० अंशांनीं तापविलें तर तें भोंक मिलिमीटरच्या सुमारें दोन शतांशांनीं मोठें होतें. एवढें अंतर ऐकावयास क्षुल्लक वाटतें. पण दंड व कडें यांच्यांतील घट्टपणा बहुधा याहूनही कमी असल्यामुळें तेवढ्यानें बेअरिंग अलगद सरकून बसतें. उघडें बेअरिंग स्वच्छ तेलांत तारेनें टांगून ९० अंशांपर्यंत तापवावें. भांड्याच्या तळाला तें टेकूं देऊं नये. ज्योत तर कधींच लावूं नये, कारण पोलादाला दिलेला कठीणपणा तीव्र उष्णतेनें उतरतो. रबरी झांकणाच्या बेअरिंगमध्यें ग्रीस आधींच भरलेलें असतें. तें तेलांत बुडवूं नये, आणि ८० अंशांच्या पलीकडे तापवूं नये. गरम बेअरिंग जाड हातमोज्यांनीं उचलून एका हालचालींत खांद्यापर्यंत सरकवावें, आणि निवेपर्यंत तसेंच दाबून धरावें. निवतांना तें खांद्यापासून किंचित् मागें सरकण्याचा संभव असतो.

उघड्या बेअरिंगला ग्रीस घालतांना औदार्य नको. आंतील मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मी जागा भरली म्हणजे पुरें. ठासून भरलेलें ग्रीस वेगांत घुसळलें जातें, तापतें आणि पातळ होऊन वाहून जातें. त्यानंतर झांकणें, पुली व पट्टा चढवावा. दोन्ही पुल्या एका रेषेंत आहेत कीं नाहींत हें सरळ पट्टी लावून पाहावें. दंडगोल हातानें फिरवून तो कोठेंही घासत नाहीं याची खात्री करावी. मग पात्यांविना यंत्र कांहीं मिनिटें चालवून थांबवावें, आणि पूर्ण थांबल्यावर बेअरिंगच्या घराला हात लावावा. कोमट लागणें स्वाभाविक आहे. हात टेकवून ठेवतां येत नसेल तर कांहीं तरी चुकलें आहे. सर्व ठीक असेल तर वीज पुन्हां तोडूनच पातीं बसवावीं. दंडगोल उतरविला गेल्यामुळें पात्यांची उंची नव्यानें मापून सर्व पातीं सारखीं करणें अवश्य असतें. हें केलें नाहीं, तर नव्या बेअरिंगवरही फळीवर जुन्याच लाटा उमटतील.

काम संपल्यावर जुनें बेअरिंग लगेच भंगारांत टाकूं नये. तें कापून किंवा उघडून पाहिलें तर आपल्या मृत्यूचें कारण तें स्वतःच सांगतें. खोबणींत एकाच बाजूला कवच्या उडालेल्या असतील, तर भार अति होता; पट्टा ढिला करावा. गोळ्यांमधील अंतरावर सारखे खळगे असतील, तर कोणी तरी हातोडी चालविली होती. निळसर किंवा तपकिरी रंग चढला असेल, तर ग्रीस संपलें होतें. खोबण मंद व खरबरीत झाली असेल, तर भुसा आंत शिरला होता, झांकण तपासावें. मोटारीच्या बेअरिंगमध्यें आडव्या सारख्या रेघा असतील, तर त्यांतून विजेचा प्रवाह वाहत होता. कारण न शोधतां केवळ बेअरिंग बदलणें म्हणजे तापाचें मूळ न पाहतां कपाळावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवणें होय. ताप घटकाभर उतरतो. रोग जेथल्या तेथें राहतो.

साऱ्या यंत्राच्या किंमतीपुढें दोन बेअरिंगांची किंमत अगदींच थोडी. पण तीं स्वच्छ हातांनीं, योग्य जागीं जोर लावून आणि कारण समजून बसविलीं, तर जुनें यंत्र पुन्हां वर्षानुवर्षें सरळ फळी देतें, आणि त्याच्याजवळ उभ्या राहणाऱ्या कारागिराचे हात शाबूत राहतात. टेबलावरून हात फिरविणाऱ्याला यांतील कांहींच दिसत नाहीं. त्याला हाताखालीं गुळगुळीत लाकूड लागतें, इतकेंच. सुतारकामांत यंत्राच्या देखभालीचें यश असें हाताखालीं कांहींच न जाणवण्यांत असतें.